एका यंत्राचं ऐकून दर्यात जाऊ नका : ड्रोनला वाट कशी सापडते आणि बोटवाल्याने त्यातून काय घ्यावं

१ जूनपासून बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस बोटी जेटीला. जाळी विणणं, इंजिन खोलणं, बूड खरवडून रंग काढणं ही कामं चालूच असतात. त्यातला एक तास यंत्रांच्या अभ्यासाला द्या, म्हणून हा धडा.

विषय ड्रोनचा आहे. ड्रोनशी आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. एक तर महाराष्ट्रात जानेवारी २०२५ पासून बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवली जाते. दुसरं, आपली तरुण पोरं बोटीवरून ड्रोन उडवायला लागली आहेत आणि काहींचे ड्रोन पाण्यातही गेले आहेत. तिसरं कारण सगळ्यात मोठं. ड्रोनला जो प्रश्न आकाशात पडतो, तोच तांडेलाला रात्री खाडीच्या तोंडाशी पडतो : मी आत्ता नक्की कुठे आहे? आणि समोरचं यंत्र सांगतंय ते खरं की खोटं?

१. प्रत्येक यंत्र कुठे ना कुठे चुकतंच

साध्या ड्रोनमध्ये चार-पाच सेन्सर असतात. एकेकाचा स्वभाव बघू.

जीपीएस : उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. तिथून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. मोकळ्या आकाशाखाली जागा साधारण ५ मीटरच्या आसपास बरोबर दाखवतो, उंची त्याहून वाईट. दिवसभर वापरला तरी त्याची चूक साठत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण मध्येच उडी मारतो, आणि कुणी मुद्दाम खोटा सिग्नल सोडला तर फसतो. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ निदान २० जहाजांचे जीपीएस त्यांना समुद्रात न दाखवता जमिनीवरच्या विमानतळावर दाखवत होते.

जायरो आणि अ‍ॅक्सेलरोमीटर : ड्रोन किती कलला, किती वळला, किती जोर लागला, हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतात. फार चपळ. पण प्रत्येक मोजमापात केसाएवढी चूक असते आणि ती बेरजेत साठत जाते. फक्त याच्यावर सोडलं तर स्वस्तातला ड्रोन मिनिटभरात आपली जागा विसरतो.

कंपास : उत्तर दाखवतो. पण लोखंड, स्पीकरचं लोहचुंबक, मोटारीच्या वायरमधला करंट, सगळ्याला भुलतो.

बॅरोमीटर : हवेच्या दाबावरून उंची. समुद्राजवळ सुमारे ८ मीटर वर गेलं की दाब १ मिलिबारने कमी होतो. म्हणजे वाऱ्याचा झोत थेट भोकावर आला किंवा वादळाआधी हवा बदलली, तरी याला वाटतं उंची बदलली.

खाली बघणारा कॅमेरा : जमीन कशी सरकते ते बघून वेग ओळखतो. जमिनीवर उत्तम. पाण्यावर मात्र लाटाच सरकत असतात, त्यामुळे ड्रोन थांबलेला असूनही त्याला वाटतं आपण चाललोय.

आता आपल्या केबिनमध्ये बघा. जीपीएस आहे, कंपास आहे, फिश फाइंडर खोली दाखवतो, इंजिनचे फेरे आणि घड्याळ आहे, आणि तांडेलाचे डोळे आहेत. प्रत्येकाचे गुण वेगळे, खोड्या वेगळ्या. म्हणूनच त्यांना एकत्र बसवण्यात फायदा आहे. या एकत्र बसवण्यालाच इंजिनीअर लोक सेन्सर फ्यूजन म्हणतात.

२. एकत्र बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

१९६० मध्ये रुडॉल्फ कालमन या गणितज्ञाने याची एक रीत लिहून काढली. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनी ती वापरली, आजचे बहुतेक ड्रोन तिचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात. गणित अवघड आहे, रीत सोपी आहे. चार पायऱ्या :

अंदाज करा. मागच्या क्षणी इथे होतो, वेग एवढा, दिशा ही, म्हणजे आता तिथे असलो पाहिजे.
मोजा. यंत्र काय सांगतंय?
ताडून बघा. अंदाज आणि मोजमाप यांत फरक किती?
वजन देऊन दुरुस्त करा. ज्याची चूक कमी, त्याच्या शब्दाला वजन जास्त.

बोटीचं उदाहरण घेऊ. तुम्ही ६ नॉटने एक तास चाललात. घड्याळ आणि वेग सांगतो की ६ मैल आलो. पण पाण्याची ओढ माहीत नाही, त्यामुळे या हिशोबात ०.६ मैल इकडेतिकडे होऊ शकतं. त्याच वेळी तुम्ही दीपस्तंभ आणि डोंगराचा माथा यांच्या दिशा कंपासवर घेतल्या. त्या सांगतात ७ मैल. या पद्धतीची चूक समजा ०.३ मैल.

कुणाचं खरं धरायचं? ६ की ७? मध्य काढून साडेसहा?

कालमनची रीत म्हणते, चुकीच्या वर्गाच्या उलट वजन द्या. पहिल्याची चूक दुसऱ्याच्या दुप्पट आहे, म्हणून त्याचं वजन १ आणि दुसऱ्याचं ४. मग :

६ × १ = ६
७ × ४ = २८
बेरीज ३४, भागिले ५ = ६.८ मैल.

आता गंमत बघा. या एकत्र उत्तराची चूक साधारण ०.२७ मैल येते. म्हणजे दोघांतल्या चांगल्यापेक्षाही थोडी कमी. कच्चा साक्षीदारसुद्धा उपयोगाचा असतो, फक्त तो किती कच्चा आहे हे आपल्याला माहीत पाहिजे.

३. खरी परीक्षा : कधी ऐकायचं नाही

वरच्या उदाहरणात अंदाज आणि मोजमाप यांत १ मैलाचा फरक होता. दोघांच्या चुका धरल्या तर ०.६७ मैलांपर्यंतचा फरक नेहमीचाच. १ मैल म्हणजे त्याच्या दीडपट. चालेल, मान्य.

पण समजा दिशांच्या हिशोबाने ७ च्या जागी १० मैल आले. फरक ४ मैल, म्हणजे नेहमीच्या सहापट. अशा वेळी वजन देऊन मध्य काढायला गेलात तर उत्तर ९.२ येईल आणि तुम्ही खडपावर जाल. तांडेल काय म्हणेल? "अरे, भलताच दिवा धरलास तू. परत बघ." बरोबर हेच ड्रोनचा प्रोग्राम करतो. फरक ठरावीक मर्यादेच्या बाहेर गेला, की ते मोजमाप हिशोबात घेतच नाही. त्याला वेशीवरचा पहारेकरी समजा.

पण पहाऱ्यातही दोन धोके आहेत.

पहारा फार कडक ठेवला तर खरं सांगणाऱ्या यंत्रालाही आत येऊ देत नाही. अंदाज हळूहळू बिघडत जातो, जीपीएस ओरडून खरी जागा सांगतोय, आणि प्रोग्राम म्हणतो हा खोटारडा. म्हणून चांगल्या ड्रोनमध्ये नियम असतो : बराच वेळ नकार देत राहिलात, तर एकदा स्वतःवरच संशय घ्या आणि नव्याने सुरुवात करा.

दुसरा धोका हळू सरकणाऱ्या चुकीचा. जीपीएसने एकदम ४ मैल उडी मारली तर पकडली जाते. पण जागा थोडी थोडी सरकत गेली, तर प्रत्येक वेळी फरक लहान दिसतो आणि पहारेकरी सोडून देतो. ही चूक पकडायला वेगळ्या जातीचा साक्षीदार लागतो. एकाच उपग्रहावर चालणारे दोन जीपीएस ठेवून इथे काही साधत नाही. दोघेही एकाच गुरूचे चेले.

४. ३४ तास कुणी ताडूनच बघितलं नाही

ही गोष्ट प्रत्येक बोटमालकाने पोरांना सांगावी अशी आहे.

जून १९९५. रॉयल मॅजेस्टी नावाचं मोठं प्रवासी जहाज बर्म्युडाहून अमेरिकेतल्या बोस्टनला निघालं. जहाजावर १,५०९ माणसं. बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची वायर सुटली. उपग्रह दिसेनासे झाले, तसा तो जीपीएस आपोआप अंदाजावर चालायला लागला : दिशा आणि वेग घ्यायचा, पुढची जागा सांगायची. वारा आणि पाण्याची ओढ त्याच्या हिशोबात नाही. पडद्यावर त्याची बारीकशी खूण येत होती. ती कुणाच्या नजरेत भरली नाही. ऑटोपायलट त्याच जागेवर भरवसा ठेवून जहाज चालवत राहिला.

जहाज हळूहळू पश्चिमेला सरकत गेलं. ३४ तासांनी, १० जूनच्या रात्री, ते नॅन्टकेट बेटाजवळच्या वाळूच्या दांड्यावर चढलं. ठरलेल्या वाटेपासून १७ मैल दूर! नशीब की कुणाला इजा झाली नाही.

खरी चुटपुट पुढे आहे. जहाजावर लोरान नावाचं वेगळ्या जातीचं यंत्र चालू होतं आणि ते खरी जागा दाखवत होतं. दोन आकडे शेजारी ठेवून बघितले असते तर काही तासांतच कळलं असतं. खोली मोजणारं यंत्र होतं, पण त्याचा अलार्म शून्य मीटरवर ठेवलेला, म्हणजे वाजणारच नाही. समुद्रातल्या तरंगत्या खुणा बघायच्या होत्या. एक भलतीच खूण आपलीच समजली गेली. दुसरी तर दिसली नसतानाही दिसल्याचं सांगण्यात आलं.

साक्षीदार सगळे हजर होते, विचारलं कुणी नाही. यंत्रं शेजारी शेजारी बसवली म्हणजे फ्यूजन झालं, असं नसतं. ताडून बघणं म्हणजे फ्यूजन.

५. मंगळावर एक फोटो हरवला

आता उलटी गोष्ट. इथे ताडून बघणं अखंड चालू होतं, तरी अडचण आली.

नासाचं इन्जेन्युइटी हे १.८ किलोचं छोटं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर पहिल्यांदा उडालं. त्याचे मुख्य इंजिनीअर बॉब बलराम हे आपल्या भारतातूनच शिकून गेलेले. मंगळावर जीपीएस नाही. पृथ्वीवरून रिमोटने उडवता येत नाही, कारण सिग्नल पोहोचायलाच काही मिनिटं लागतात. सगळा निर्णय त्याचा त्यानेच घ्यायचा. हालचाल मोजणारा सेन्सर सेकंदाला सुमारे ५०० वेळा अंदाज देई, आणि खाली बघणारा कॅमेरा सेकंदाला ३० फोटो काढून तो अंदाज दुरुस्त करी.

२२ मे २०२१, सहावं उड्डाण. ५४ व्या सेकंदाला कॅमेऱ्याच्या फोटोंच्या ओळीतला एक फोटो गळला. एकच. पण त्यामुळे पुढच्या प्रत्येक फोटोवर चुकीची वेळ पडली. फोटो बरोबर, वेळ चुकीची. हेलिकॉप्टरला वाटलं मी भलत्याच जागी आहे, म्हणून ते दुरुस्ती करू लागलं. पुढचा फोटो परत वेगळं सांगतोय, परत दुरुस्ती. असं करत ते पुढेमागे हेलकावे खाऊ लागलं, २० अंशांपेक्षा जास्त कललं.

तरी वाचलं. ठरलेल्या जागेपासून सुमारे ५ मीटरच्या आत उतरलं. याची दोन कारणं. पहिलं, हेलकावे सहन करायची ताकद आधीच ठेवलेली होती. दुसरं, अगदी शेवटी उतरताना धुळीमुळे फोटो बिघडतील म्हणून त्या टप्प्यात कॅमेऱ्याचं ऐकायचंच नाही, असं आधीच ठरवलेलं होतं. तो टप्पा आला आणि हेलकावे थांबले.

पुढे २०२२ मध्ये त्याचा कल मोजणारा एक सेन्सर बंद पडला. तेव्हा पृथ्वीवरून नवा प्रोग्राम पाठवून दुसऱ्या सेन्सरकडून तेच काम करून घेतलं. पाच उड्डाणांसाठी बनवलेलं हे यंत्र ७२ वेळा उडालं. शेवट १८ जानेवारी २०२४ ला झाला. खाली नुसती एकसारखी वाळू होती, कॅमेऱ्याला धरायला खडा की खूण नाही. वेगाचा अंदाज चुकला, उतरताना आदळलं आणि पाती तुटली. एकसारख्या वाळूवर कॅमेऱ्याची जी गत झाली, तीच धुक्यात आपल्या डोळ्यांची होते.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. "कुठे" एवढंच महत्त्वाचं "कधी" आहे. आणि कुठलं यंत्र कुठल्या वेळी ऐकायचं नाही, हे निघण्याआधी ठरवायचं असतं, संकटात नाही.

६. बोटीवरून ड्रोन उडवणाऱ्या पोरांसाठी

• ड्रोन चालू करताना तो स्थिर असावा लागतो, तेव्हाच जायरो आपला शून्य ठरवतो. हलत्या बोटीवर शून्यच चुकतो. जमेल तर किनाऱ्यावरून उडवा.
• कंपासचं कॅलिब्रेशन लोखंडी डेकवर, विंचजवळ करू नका. कंपास बिघडला की ड्रोन एका जागी न थांबता गोल गोल फिरतो आणि फेरा मोठा होत जातो. असं दिसलं की लगेच उतरवा.
• "घरी ये" बटण दाबलं की ड्रोन जिथून उडाला त्या जागी परततो. बोट तोपर्यंत पुढे गेलेली असते! तिथे फक्त पाणी. बरेच ड्रोन असेच बुडतात.
• पाण्यालगत खाली उडवू नका. खालचा कॅमेरा लाटांना फसतो, उंची मोजणारा सेन्सर पाण्यावर गडबडतो.
• पंख्याचं पातं वाकडं असेल तर बदला. थरथरीने अ‍ॅक्सेलरोमीटर बिघडतो आणि सगळा हिशोब कोसळतो.
• नियम पाळा. गोव्यात दाबोळीसारखा नौदलाचा आणि विमानतळाचा भाग आहे. परवानगीचा नकाशा डिजिटल स्कायवर बघूनच उडवा.

७. आणि आता आपली बोट : बंदीत करायची कामं

एक. जीपीएसच्या अँटेनाची वायर शेवटपर्यंत हाताने तपासा. खारं पाणी लागून जोड हिरवा पडला असेल तर कापून नवा करा. रॉयल मॅजेस्टीची गोष्ट एका वायरने सुरू झाली.

दोन. तुमच्या जीपीएसचा सिग्नल गेला की पडद्यावर काय दिसतं? जेटीवर बसून मुद्दाम अँटेना काढा आणि बघा. ती खूण सगळ्या खलाशांना दाखवून ठेवा.

तीन. कंपासच्या जवळून मोबाईल, स्पीकर, चाकू, पाने काढा. मग बोट पाण्यात उतरल्यावर ओळखीच्या दोन खुणा एका रेषेत धरून कंपास काय दाखवतो ते वेगवेगळ्या दिशांना लिहून ठेवा. इंजिन बंद आणि चालू, दोन्ही वेळा.

चार. खोलीचा अलार्म खऱ्या आकड्यावर लावा. तुमच्या वाटेवर ८ वाव पाणी असायला हवं आणि यंत्र ४ वाव दाखवतंय, तर जीपीएस काहीही म्हणो, वेग कमी करा.

पाच. अर्ध्या तासाला एकदा वहीत चार गोष्टी : वेळ, जीपीएसची जागा, कंपासची दिशा, पाण्याची खोली. दोन मिनिटांचं काम. जीपीएस गेला तर शेवटची खरी जागा हातात राहते, आणि सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतात ना, तेही कळतं.

सहा. नियम ठरवून टाका : दोन साक्षीदार जुळले नाहीत तर आधी वेग कमी, मग तिसऱ्याला विचारायचं. खाडीच्या तोंडाशी दांडा दर पावसाळ्यात सरकतो, तिथे मागच्या वर्षीचा जीपीएसचा मार्ग हा साक्षीदारच धरायचा नाही. ऑगस्टमध्ये पहिल्या फेरीला दिवसाउजेडी, भरतीला, पाणी मोजत जा.

आपले आजे शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडून वाव मोजत. वर आलेली रेती की चिखल ते बोटाने चोळून बघत. देवळाचा कळस आणि डोंगराची सोंड एका रेषेत आली की जाळं टाकत, आणि वारा, तारे बघून घरी येत. एकाच गोष्टीवर भरवसा ठेवायची सोय त्यांना नव्हती. आपल्याला ती सोय मिळाली, आणि तिथेच आपण आळसावलो.

घरचा अभ्यास

घड्याळ आणि वेग सांगतो ४ मैल, चूक ०.४. खुणा सांगतात ५ मैल, चूक ०.२. तुमची बोट कुठे? आणि खुणांनी ५ च्या जागी ८ सांगितले असते तर तुम्ही काय केलं असतं?

उत्तर खाली लिहा, कसं काढलं तेही लिहा. घरातल्या कॉलेजच्या पोरांना जवळ बसवा, गणित त्यांचं आणि दर्या तुमचा. आणि हा धडा आपल्या बोटीवरच्या खलाशांनाही वाचून दाखवा, कारण रात्री दोन वाजता सुकाणूवर तेच असतात.